‘रा’च्या शेजारची जागा

नांदेड, ३ मे २००१

राजशेखर,

पाकिटावर माझं नाव मुद्दाम घातलं नाही. घातलं असतं तर तू ते न फोडताच चुलीत टाकलं असतंस. आता फोडलंच आहेस तर पुरतं वाच. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन तू आवाज ऐकून ठेवून देतोस. मागच्या दिवाळीला अनुभव घेतला. पत्र असं ठेवून देता येत नाही.

कामाचं लिहितो. ती मोटार परत आली आहे.

आठ वर्षांपूर्वी आपल्या लातूरच्या गॅरेजात होडीची एक मोटार बोअरिंगला आली होती आणि तिच्यावरून आपलं गॅरेज मोडलं, तीच. विलायती, होडीच्या मागच्या फळीला अडकवायची, वर एकच ओतीव बिडाचा सिलिंडर, खाली लांब दांडा आणि पंखा. पन्नास वर्षं जुनी तरी असेल. काल एक बाई पोत्यात घालून घेऊन आली. चतुराबाई तिचं नाव. मोटार तिच्या मालकाची, म्हणजे नवऱ्याची. तो गेल्या साली वारला. गोदावरीच्या बंधाऱ्याच्या फुगवट्यापलीकडं त्यांचं गाव आहे आणि गावची नाव तीच चालवते. इतकी वर्षं वल्ह्यावर चालवली.

मला म्हणाली, “भाऊ, माझा खांदा गेला. वल्हं वढताना हात वर जाईना. आखाड लागला की पाणी चढतं, पायवाट बुडती, मग शाळंची पस्तीस पोरं माझ्याच नावंत. ह्ये चालू करून दे, न्हाईतर मी नाव इकून टाकते. दुसरं काय करू?”

तिनं मला ओळखलं नाही. तेव्हा लातूरला तिचा मालक यायचा, ही नाही. नांदेडात बीड झाळणारा खाजामियाँ म्हणून कुणीतरी माझं नाव सांगितलं, म्हणून आली. मीही ओळख दिली नाही.

सिलिंडरला वरच्या काठापासून आत दोन बोटं तडा आहे. पाण्याच्या पोकळीतलं पाणी तिथून आत येतं आणि मोटार बंद पडते. तडा मी पितळेनं झाळून बुजवतो, ते माझं काम. पण बीड तापवलं की आतलं भोक गोल राहत नाही, हे तुला मी काय सांगायचं. मग ते मशीनवर पुन्हा गोल बोअर करून आत पातळ लायनरची नळी बसवायला पाहिजे. भिंतीत जागा जेमतेम आहे. नांदेडात तीन जणांकडं नेलं. दोघांनी हात जोडले. तिसरा म्हणाला, चाचा, मोडीत घाला. इतक्या पातळ भिंतीत सरळ भोक पाडणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला आणि तो सध्या माझं तोंड बघत नाही.

चूक कुणाची ते उकरायला हे पत्र नाही. थोडं तुझं, थोडं माझं, झालं गेलं. बाईचं काम अडलंय, एवढंच बघ.

सिलिंडरच्या बाजूला तुझा ‘रा’चा ठसा अजून आहे. गंजलाय, पण बोट फिरवलं की कळतो.

शिवम्मावहिनींना सलाम. सुकन्या आता आठ वर्षांची झाली असेल.

खाजा

•

नांदेड, १५ मे २००१

राजशेखर,

बारा दिवस झाले. पोस्टमन रोज समोरून सायकल मारत जातो आणि रोज मी त्याच्याकडं असं बघतो की बिचाऱ्यानं काल विचारलं, “चाचा, मनिआर्डर यायची हाय का?”

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी काम सुरू केलं आहे. तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढं पळणार नाही. मग कानशीनं चर केला. कोळशाच्या शेगडीवर सिलिंडर चहूबाजूंनी सारखा तापवला आणि पितळ भरलं. असं सुरेख भरलं होतं, की शबानाला बोलावून दाखवलं. मग राखेत पुरून ठेवला. आणि दुपारी मला धीर निघाला नाही. राखेतून काढला. वर पंखा चालू होता. टिक्, एवढाच आवाज आला. तुला माहीत आहे तो आवाज. पितळेच्या शेजारून नवा तडा, केसाएवढा.

शबाना दारात उभी होती. म्हणाली, “तुमना ठंडा होने तक रुकना कब आएगा मियाँ?” तिला सिलिंडरचं काही कळत नाही, पण बोलते बरोबर. आता पुन्हा चर केलाय. या खेपेला दोन दिवस राखेला हात लावायचा नाही अशी तिनं ताकीद दिलीय.

आणखी एक सांगायचं आहे. दहा तारखेला मी लातूरला आलो होतो. पितळेच्या सळया आणायला, असं घरी सांगितलं. सळया नांदेडातही मिळतात. आपल्या गॅरेजच्या दारात उभा राहिलो. पाटी बघितली: ‘मुलींसाठी घरगुती मेस’. बाहेर तुझ्या हातच्या लोखंडी कॉटांची चळत लागलेली. लातूरला बाहेरगावची एवढी पोरं क्लासला येतात म्हटल्यावर कॉटांना काय तोटा. वेल्डिंग ठीक आहे तुझं, पण कोपऱ्यात घाई करतोस.

तू नव्हतास. एक मुलगी ताट धुऊन बाहेर आली. तिला विचारलं, “बेटा, इथं एक मोठं मशीन होतं ना?” तर म्हणाली, “ते व्हय काका? त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या ठेवतेत.”

दारातून दिसलंच मला. बोअरिंग मशीनवर गोणपाट आणि त्यावर ओळीनं सहा बरण्या. शिरूर अनंतपाळला सातवीत एका बाकावर बसलो होतो तेव्हापासून तुला ओळखतो. मराठीच्या गुरुजींनी मला हे अक्षर शिकवलं ते तुझ्या वहीत बघून. जिल्ह्याबाहेरून लोक तुझ्याकडं सिलिंडर घेऊन यायचे आणि तू कैऱ्यांना जागा करून दिलीस. मला फार वाईट वाटलं. तुला न भेटताच दोनच्या गाडीनं परत आलो.

तू असा मशीन सोडून का बसलास? भूकंपानंतर सगळ्यांचीच कामं विस्कटली, ते मान्य. मी पण त्याच भीतीनं लातूर सोडलं आणि शबानाच्या माहेरी नांदेडला आलो. पण हात कुणी सोडतं का?

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

खाजा

•

लातूर, २१ मे २००१

खाजाभाऊंना शिवम्माचा नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं आली. हे वाचत नाहीत. पहिलं पाकीट फोडून अक्षर बघितलं आणि फळीवर ठेवून दिलं. मग मीच चपात्या लाटता लाटता मोठ्यानं वाचून दाखवलं. वाचणं थांबलं की हे म्हणायचे, “वाच की.” म्हणजे ऐकत होते. दुसरं पत्र तर मेसच्या पोरींनीही ऐकलं. कॉटच्या कोपऱ्याचं वाचलं तेव्हा हे उठून बाहेर गेले आणि कोपरे बघून आले.

बरण्यांचं तुम्ही खरं लिहिलंत. त्या मी ठेवल्या. मशीन नुसतं उघडं पडलेलं बघवत नव्हतं, म्हणून ठेवल्या. ह्यांनी ठेव म्हटलं नाही आणि नको पण म्हटलं नाही.

मला जास्त कळत नाही. पण काल मी हट्ट धरला, भावाला काहीतरी कळवा. तेव्हा हे एवढंच बोलले, ते जसंच्या तसं लिहिते:

“त्याला इचार. बोअर करणाऱ्याचा ‘रा’ आणि चालवून बघणाऱ्याचा ‘खा’, असे दोन ठसे पडल्याबिगर माल गॅरेजबाहेर जायचा न्हाई, हा नियम त्यानंच केलता. भांड्यावर नावं घालणाऱ्याकडून ठसे त्यानंच कोरून आणले. लोक आपल्या गॅरेजला ‘राखा’ म्हणायचे ते त्याच्यामुळंच. मग त्या मोटारीवर ‘खा’ का नव्हता? एवढं सांग म्हणावं. दुसरं काय बी नको.”

एवढं बोलून हे जेवायला बसले.

भाऊ, तुम्ही लिहिलंत की थोडं तुझं, थोडं माझं. ते वाचताना ह्यांचा हात ताटात थांबला होता. मी बघितलं. खरं काय ते तुम्हा दोघांनाच ठाऊक. पण तुमच्याकडं काही असेल तर लिहा. आठ वर्षं हा माणूस रात्रंदिवस कॉट जोडतोय आणि दोन शब्द धड बोलत नाही.

सुकन्या तिसरीत गेली. शबानाभाभींना विचारलं म्हणून सांगा.

शिवम्मा

•

नांदेड, २७ मे २००१

राजशेखर,

हे पत्र वहिनींनी वाचून दाखवू नये. तू स्वतः वाच.

वहिनींचं पत्र शबानाला ऐकवलं. ती म्हणाली, “आधीच बात लिखे ना तुमे?” म्हणजे अर्धीच गोष्ट. चार दिवस तिच्याशी भांडलो आणि आज बसलो आहे.

‘खा’ नव्हता, कारण तो ठोकायला माझा हात धजला नाही. तडा मी पाडला होता.

आता क्रमानं सांगतो. त्या मे महिन्यात नऊ दिवस टँकर आला नव्हता. तू सिलिंडर बोअर करून ‘रा’ ठोकलास आणि सुकन्याच्या बारशाच्या तयारीला लागलास. मोटार चालवून बघायचं काम माझं. ही मोटार नदीतलं पाणी ओढून स्वतःला थंड करते, म्हणून ती पाण्यानं भरलेल्या ड्रममध्ये बुडवून चालवायची असते. ड्रम काठोकाठ लागतो. आपल्याकडं एकच ड्रम भरलेला होता आणि दुसऱ्या दिवशी घरात बारसं. मी त्यातल्या आठ घागरी तुझ्या घरी नेऊन ओतल्या. वहिनींनी मागितल्या नव्हत्या, त्यांना वाटलं टँकरचं पाणी आलं. मीच शहाणपणा केला. म्हटलं, अर्ध्या ड्रमात पाच मिनिटं चालवायला काय होतंय?

पाणी ओढायचं तोंड उघडं राहिलं. मोटार कोरडी चालली. मी बिडी ओढत उभा होतो, लक्षात आलं तेव्हा सिलिंडरवरचा रंग जळायला लागला होता. बंद केली. आणि मग घाबरून ड्रममधलाच तांब्या भरून त्याच्यावर ओतला. तापलेल्या बिडावर गार पाणी. पहिल्या वर्षाच्या पोराला सांगतो आपण, हे करायचं नाही म्हणून. टिक् झालं.

खडू घासून बघितला. केसाएवढी रेघ. तुझ्याकडं यायला निघालो, तर दारात वहिनी सुकन्याला घेऊन बसलेल्या, पाहुणे आलेले, तू हसत होतास. म्हटलं, बारसं होऊ दे, मग सांगू. दुसऱ्या दिवशी मोटारीसाठी निरोप आला, आणि मी ती पोत्यात बांधून नांदेडच्या एसटीत चढवली. मला वाटलं, एवढ्याशा रेघेनं काय होतंय, चालेल. ‘खा’ ठोकला नाही, तेवढी लाज होती.

आठ दिवसांनी चतुराबाईचा मालक आला. माणसं भरलेली नाव मधोमध बंद पडली होती. गॅरेजसमोर शंभर माणूस जमा झालं. तो ओरडत होता, बोअर पातळ केला, भिंत फुटली. आणि मी काय केलं, तर सिलिंडर उलटा करून सगळ्यांना दाखवला. “बघा, माझा ठसा हाय का ह्याच्यावर? मी पास केलीच नव्हती. बारशाच्या गडबडीत राजशेखरनं पाठवली असंल.”

तू माझ्याकडं बघत राहिलास. मोटार तू पाठवली नाहीस हे तुला माहीत होतं. तरी एक शब्द बोलला नाहीस. मला वाटलं, तू काहीतरी बोलशील, माझी गचांडी धरशील, मग मी सांगेन. तू आत गेलास आणि हात धुतलेस.

भूकंपाला भिऊन लातूर सोडलं हेही खोटं. तुझ्या समोरून जायची भीती होती. किल्लारीत तुझी थोरली बहीण दानम्माक्का गेली, तेव्हा तू मनात धरलंस की खाजा मातीलाही आला नाही. मी आलो होतो. चौथ्या दिवशी वेल्डिंगचं सामान घेऊन आलो आणि अकरा दिवस पत्र्याच्या शेडचे सांगाडे जोडले. तू लिंबाखाली बसलेला दिसलास. वीस पावलांवर होतो. मागं फिरलो, कारण तू मला मिठी मारशील असं वाटलं. तू मारली असतीस.

बारशाच्या पाण्याचं लिहिलं ते माफ कर म्हणण्यासाठी नाही. आठ घागरी दिल्याचं पुण्य घेऊन तुझं नाव बुडवलं, असा हिशेब कुठं लागत नाही. चूक सगळी माझी होती. ‘थोडं तुझं’ लिहिलं ते मागे घेतो. मला लाज वाटते, शेखर. आठ वर्षं वाटते.

सिलिंडर नांदेड–लातूर गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती पाठवतोय. या खेपेला दोन दिवस राखेत ठेवला. रॉकेल लावून पुसला आणि लेक अर्शीच्या शिकवणीतले खडू कुटून वर भुकटी टाकली. तडा राहिला असता तर आतलं रॉकेल वर येऊन रेघ उमटली असती. नाही उमटली. माझं काम झालं आहे. पुढचं करायचं की सिलिंडर गटारात टाकायचा, ते तू ठरव. गटारात टाकलास तरी मी काही म्हणणार नाही, पण चतुराबाईला दुसरी सोय बघायला सांगायला लागेल, म्हणून तेवढं कळव.

खाजा

•

(पोस्टकार्ड)

नांदेड, ९ जून २००१

राजशेखर, पार्सल मिळाल्याचं ड्रायव्हर सांगतो. म्हणे तू घेतलंस आणि चहापण विचारला नाहीस. चतुराबाई काल येऊन गेली. नदी अजून खाली आहे, पोरं पायवाटेनं येतात. ती म्हणाली, “झालं का भाऊ?” मी म्हटलं, लातूरला एका मोठ्या कारागिराकडं दिलंय. ती म्हणाली, “लातूरला नगं रं बाबा, तिथल्यानंच ह्याची वाट लावली.” खाजा

•

लातूर, १७ जून २००१

खाजा,

पत्र मी स्वतः वाचलं. मग शिवम्माला वाचून दाखवलं. पाण्याचं आलं तेव्हा ती पोळपाट तसाच सोडून अंगणात जाऊन उभी राहिली. पोरींनी त्या दिवशी करपलेल्या चपात्या खाल्ल्या.

तडा गेल्याचा राग नाही. बीड आहे, तडकतं. माझ्याही हातून तडकलंय. लोकांसमोर बोललास त्याचाही राग आता तेवढा नाही. पण तुला एक माहीत नाही, ते सांगतो.

मी ते भोक आठ वर्षं मनात मोजत होतो. कॉट जोडताना, जेवताना, शिवम्मा बोलत असताना. मोटार मी पाठवली नाही, हे मला ठाऊक होतं. पण भिंत का फुटली, ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, फुटली म्हणजे मीच पातळ केली असणार. खाजानं बघून ओळखलं असणार, म्हणून त्यानं ठसा दिला नाही, तशीच पाठवली. आणि आता मला वाचवायला तो गडबडीचं कारण सांगतोय. तू खोटं बोलत होतास आणि मी समजलो की तू माझी लाज झाकतोयस. म्हणून गप्प बसलो. म्हणून मशीनला हात लावला नाही, म्हणून तुझा आवाज आला की फोन ठेवून द्यायचो. माझ्या हातातला अंदाज गेला असं मी धरून चाललो. चाळीस वर्षांचा होतो मी. ते दिवस तू देशील का परत? नाही देणार. म्हणून लिहितोय, की राग आहे आणि तो राहणार आहे काही दिवस.

आता कामाचं. सिलिंडर आल्यावर सहा दिवस तसाच ठेवला. सातव्या दिवशी बरण्या उतरवल्या. सुकन्यानं विचारलं, अप्पा, ह्ये मशीन हाय व्हय? तिनं कधी चालताना बघितलंच नव्हतं.

तू झाळलंस तिथून लांब, जिथं माझी जुनी भिंत तशीच आहे, तिथं आठ ठिकाणी मोजलं. सगळीकडं सारखी. केसाचाही फरक नाही. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, तेवढीच आली.

बोअर केलं. लायनर बसवला. नवा ‘रा’ ठोकला आहे.

गॅरेज मोडलं तेव्हा तू तुझी हत्यारं नेलीस आणि ‘खा’चा ठसा मुद्दाम सोडून गेलास. तो माझ्याकडं होता. पार्सलमध्ये फडक्यात बांधून ठेवलाय. ड्रममध्ये नको, नदीत चालव. अर्धा तास पुरता. आणि त्याच्याआधी त्या बाईला सांग, लातूरवाल्यानं वाट लावली नव्हती. माझ्यासमोर नको, मी तिथं नसतानाच सांग.

कॉटचे कोपरे बघितले. दोन ठिकाणी तुझं बरोबर आहे.

राजशेखर

•

नांदेड, १ जुलै २००१

शेखर,

आज रविवार, शाळेला सुट्टी, म्हणून आजच चालवली. फुगवटा आठ दिवसांत चढला आहे, पायवाट परवाच बुडाली. घाटावर चतुराबाई, तिच्या गावची दहा-बारा माणसं आणि माझ्यावर नजर ठेवायला आलेली शबाना.

मोटार अजून पोत्यातच होती. मी आधी सांगितलं. लातूरच्या गॅरेजातला दुसरा माणूस मीच, इथपासून अर्ध्या ड्रमापर्यंत सगळं. लोकांसमोर खोटं बोललो होतो, तर खरंही लोकांसमोरच बोलायला पाहिजे होतं.

चतुराबाई ऐकत राहिली. मग म्हणाली, “माझा मालक मरंस्तोर त्या लातूरवाल्याला शिव्या देत व्हता.”

मी म्हटलं, “चुकीच्या माणसाला दिल्या. त्या मला द्या.”

“तुला तर देणारच हाय. लई ठेवणीतल्या हायत. पर आधी मोटार लाव, उद्या सात वाजता पोरं येऊन हुबी ऱ्हातेत.”

लावली. दोरी चौथ्या ओढीला घेतली तिनं. तुझं बोअर असं होतं की दोरी ओढतानाच हाताला कळलं, कुठं घासत नाही, कुठं सैल नाही. बाजूच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुरू झाली आणि मी अर्धा तास तिच्याखाली हात धरून बसलो. कोमटच राहिली. एकदाही तापली नाही. पैलतीराला गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. सुकाणू चतुराबाईकडं होतं. अर्ध्या वाटेत ती एकदम म्हणाली, “बघ की रं, हात वर न्यावा लागत न्हाई,” आणि पदरानं तोंड पुसायला लागली. मग शिव्या सुरू झाल्या. पैलतीर येईपर्यंत पुरल्या. शबाना मागं बसून हसत होती, तिला काही मदत करावीशी वाटली नाही.

काठाला आल्यावर मोटार पुरती गार होऊ दिली. शबाना घड्याळ धरून बसली होती. मग फडकं सोडलं. ठशाला तू तेल लावून ठेवलं होतंस, गंजाचा ठिपका नाही. आठ वर्षं राग धरलेला माणूस दुसऱ्याच्या ठशाला तेल लावत होता, हे मी शबानाला दाखवलं. ती उठून पाण्याकडं तोंड करून उभी राहिली.

‘रा’च्या शेजारी तू जागा सोडली होतीस. बरोबर एका अक्षराची. हातोडी जरा तिरपी बसली, त्यामुळं ‘खा’ थोडा कलंडलाय. पण खोल बसलाय. सोबत कागद पाठवतो. दोन्ही ठशांवर कागद धरून पेन्सिल घासली आहे. आधी वहिनींना दाखव.

राग राहू दे. तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. ती वर्षं मला देता येणार नाहीत हे खरंच आहे. देता येईल ते एक पाठवतोय. त्याच गाडीच्या ड्रायव्हरकडं हदगावच्या एका शेतकऱ्याच्या डिझेल इंजिनाचा सिलिंडर आहे. भोक लंबगोल झालंय. त्या माणसाला मी सांगितलं, लातूरला राजशेखर नावाचा एकच माणूस हे सरळ करू शकतो. ड्रायव्हरला या खेपेला चहा पाज.

बोअर करून ‘रा’ ठोक आणि मला कळव. इंजिनाचं बाकीचं धूड घेऊन मी स्वतः लातूरला येतो. तिथंच जोडू, तिथंच चालवून बघू आणि तुझ्यासमोर पास करू. वहिनींना सांग, बरण्या पुन्हा मशीनवर चढवू नका, त्यांच्यासाठी मी लोखंडी मांडणी करून आणतो, कोपरे नीट घासून.

इंजिन थंड ठेवायला पाणी लागेल. टँकर आला असो नसो, तू घरातलं एक भांडंही बाहेर काढायचं नाहीस.

ड्रम मी भरणार.

खाजा